ब्रॅम्लीचं जुनं झाड तोडायचं की ठेवायचं?

तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं ना: मागच्या वर्षी इंग्लंडमध्ये मिडलँड्सला घर घेतलं, मागच्या अंगणात छपराच्या उंचीचं एक जुनं सफरचंदाचं झाड आहे, शेजारचे आजोबा म्हणाले ब्रॅम्ली आहे. पहिल्या शरदात पोती भरतील एवढी फळं आली, पण एक चावून बघितलं तर दात आंबले, मग बरीचशी खाली पडून सडली. या वर्षी मोजून वीस-पंचवीस. छाटणीवाला येऊन बघून गेला, तो म्हणतो झाड निम्म्यावर आणू म्हणजे ताकद येईल. आणि घरात असं मत पडतंय की हे काढून त्याच जागी गाला या गोड खायच्या सफरचंदाचं झाड लावावं, निदान मुलं खातील तरी.

मी गेली बावीस वर्षं इकडे जुन्या सफरचंदांची छाटणी आणि कलमं करते, आणि त्यात ब्रॅम्लीची झाडं सगळ्यात जास्त हाताखालून गेलीत. त्यामुळे सरळ सांगते, तोडू नका आणि निम्म्यावर तर अजिबात आणू नका. तुम्ही जी लक्षणं लिहिलीत ती वाचून मला झाड आजारी आहे असं वाटत नाही, उलट अगदी ब्रॅम्लीसारखं वागतंय असं वाटतंय. तुम्हाला खायचं गोड सफरचंद हवं होतं आणि अंगणात शिजवायचं निघालं, खरी अडचण एवढीच आहे. कैरीचा आंबा हापूस समजून चावला तर जे होईल ते झालं. अर्थात मी झाड डोळ्यांनी बघितलेलं नाही, बुंधा पोकळ आहे का, मुळाशी बुरशी आहे का यावर थोडं अवलंबून आहे, त्याबद्दल शेवटी लिहिते.

आधी ते ब्रॅम्लीच आहे का हे नक्की करा, कारण इकडे जुन्या घरांमागे न्यूटन वंडर, हाउगेट वंडर, ब्लेनहाइम ऑरेंज अशी अजून मोठी फळं देणारी झाडंही असतात आणि सगळ्यांना लोक सरसकट ब्रॅम्लीच म्हणतात. ब्रॅम्लीचं फळ मोठं, जरा चपटं आणि वेडंवाकडं असतं, दोन फळं एकसारखी नसतात, रंग हिरवा आणि उन्हाच्या बाजूला विटकरी लाली नाहीतर तुटक पट्टे. पानं मोठी, जाड, गडद हिरवी आणि खालच्या बाजूला लव. पण माझी आवडती परीक्षा स्वयंपाकघरातली आहे. एक फळ सोला, फोडी करा, पातेल्यात दोन चमचे पाणी घालून झाकण ठेवा, साखर काही घालू नका. पाच-सात मिनिटांत फोडींच्या कडा विरघळायला लागतील, आणि चमच्यानं एकदा ढवळलं की सगळ्याचा पांढुरका हिरवट फेस होईल, फोड म्हणून काही उरणारच नाही. ब्रॅम्ली असं फुलून मोडतं. ब्लेनहाइमच्या फोडी बऱ्यापैकी आकार धरून राहतात, आणि गालासारखं खायचं सफरचंद तुम्ही पंधरा मिनिटं शिजवलंत तरी फोड मऊ होईल पण मोडणार नाही.

हे असं का होतं तेही सांगते कारण चवीचं कारणही तेच आहे. सफरचंदातला आंबटपणा मॅलिक ॲसिडचा, आणि ब्रॅम्लीत ते भरपूर असतं, साखर त्या मानानं कमी. उष्णता लागली की हे ॲसिड पेशींना एकमेकींना चिकटवून ठेवणारं पेक्टिन सैल करतं, पेशी सुट्या होतात आणि फेस तयार होतो. शिवाय गोड सफरचंद शिजवलं की त्याची चव निघून जाते, नुसता गोडसर लगदा उरतो, ब्रॅम्लीचा आंबटपणा मात्र साखर, लोणी, मसाला सगळं घातल्यावरही मागे उभा राहतो. म्हणून इकडच्या पायमध्ये, क्रम्बलमध्ये, भाजलेल्या डुकराच्या मांसाबरोबरच्या सॉसमध्ये हेच लागतं. उत्तर आयर्लंडमधल्या आर्मा भागात पिकणाऱ्या ब्रॅम्लीला तर २०१२ मध्ये युरोपीय संघाचं भौगोलिक मानांकन मिळालं. इतक्या वर्षांत शेकडो नव्या जाती आल्या पण शिजवायच्या सफरचंदात हिची जागा दुसऱ्या कुणी घेतलेली नाही.

तुमचं घर मिडलँड्समध्ये आहे म्हणून हेही सांगायला हवं, या जातीचं पहिलं झाड तिकडचंच आहे. नॉटिंगहॅमशायरमध्ये साउथवेल नावाचं छोटं गाव आहे, तिथे १८०९ च्या सुमारास मेरी ॲन ब्रेल्सफर्ड नावाच्या मुलीनं सफरचंदाच्या बिया लावल्या, त्यातनं एक झाड वाढलं. पुढे ती लग्न होऊन ते घर सोडून गेली. १८४६ मध्ये ते घर मॅथ्यू ब्रॅम्ली नावाच्या खाटकानं विकत घेतलं. मग १८५६ मध्ये हेन्री मेरीवेदर नावाच्या रोपवाटिकेतल्या सतरा वर्षांच्या मुलानं ती फळं बघितली आणि कलमासाठी काड्या मागितल्या, ब्रॅम्ली म्हणाला घेऊन जा, फक्त सफरचंदाला माझं नाव दे. म्हणून नाव ब्रॅम्लीज सीडलिंग. मेरीवेदरच्या वहीत पहिली विक्री १८६२ मधली आहे, तीन सफरचंदं दोन शिलिंगांना. म्हणजे जिनं बी लावलं तिचं नाव सफरचंदाला मिळालंच नाही, मला दर वेळी हे सांगताना वाईट वाटतं, म्हणून मी ज्या ज्या घरी ब्रॅम्ली छाटते तिथे मेरी ॲनचं नाव आवर्जून सांगते.

पण ही गोष्ट सांगायचं दुसरं कारण असं की सफरचंदाचं बी लावून आईबापासारखं झाड मिळत नाही, आंब्याच्या कोयीसारखंच, जे उगवेल ते वेगळंच. त्यामुळे जगात जेवढी ब्रॅम्लीची झाडं आहेत ती सगळी त्या एका झाडाच्या काडीवरून, काडीवरून काडी अशी आलेली आहेत. तुमच्या अंगणातलं लाकूड म्हणजे साउथवेलच्या त्याच झाडाचं लाकूड, फक्त खुंट, म्हणजे ज्या मुळांवर कलम बांधतात तो खालचा भाग, वेगळा. आणि ते मूळ झाड १९०० मध्ये वादळात आडवं झालं होतं, पडलेल्या फांदीनं जमिनीत मुळं धरली आणि तिथून ते पुन्हा वर आलं. अलीकडे त्याला हनी फंगस, म्हणजे मुळं कुजवणारी बुरशी, लागली, नॉटिंगहॅम विद्यापीठातल्या लोकांनी ऊतीसंवर्धनानं (प्रयोगशाळेत झाडाच्या पेशी वाढवून) त्याची रोपंही करून ठेवलीत. एवढं चिवट झाड आहे हे, एक वर्ष फळ कमी आलं म्हणून घाबरू नका.

आता मुख्य मुद्दा, एक वर्ष भरपूर आणि एक वर्ष रिकामं. इथे मी तुम्हाला एकच प्रश्न विचारीन आणि त्याच्या उत्तरावर पुढचं सगळं ठरतं: या वर्षी एप्रिलअखेर, मेच्या सुरुवातीला झाडाला फुलं आली होती का?

फुलंच आली नसतील, किंवा एखाद-दुसऱ्या फांदीवर तुरळक आली असतील, तर हा वर्षाआड फळणारा प्रकार आहे. हापूसचं आपल्याला माहीतच असतं, एक वर्ष धो धो आणि पुढचं वर्ष कोरडं, ब्रॅम्लीचंही तसंच होतं. सफरचंदात पुढच्या वर्षीची फुलकळी आदल्या वर्षीच्या उन्हाळ्यात, साधारण जून-जुलैमध्ये, आतल्या आत ठरते. त्याच वेळी झाडावर वाढत असलेल्या फळांमधल्या बियांतून जिबरेलिन नावाचं संप्रेरक निघतं आणि ते आसपास फुलकळी तयार होऊ देत नाही. मागच्या वर्षी तुमच्याकडे पोती भरून फळं होती म्हणजे हजारो बिया, म्हणून या वर्षी कळ्याच नव्हत्या. आणि या वर्षी फळं नव्हती म्हणून येत्या वसंतात झाड फुलांनी गच्च भरणार. हे तुम्हाला येत्या हिवाळ्यातच तपासता येईल, पानं गळली की जानेवारीत एखादी खालची फांदी हातात घेऊन बघा, फुलकळी जाडजूड, गोलसर, टोकाशी बोथट आणि मखमली लव असलेली असते, पानाची कळी बारीक, टोकदार आणि फांदीला चिकटून बसलेली. हाताला लागलेल्या दहा कळ्यांतल्या सहा-सात जाड असतील तर समजा पुढचं वर्ष भरघोस आहे.

फुलं भरपूर आली होती आणि तरी फळ धरलं नाही असं असेल तर मात्र कारण वेगळं. ब्रॅम्लीच्या फुलांना उशिराचं दव गोठलं की लगेच फटका बसतो, एक कडक रात्र पुरते. पाकळ्या वरून छान दिसतात पण फूल उघडून बघितलं तर मधला भाग काळा पडलेला असतो, ते फूल गेलं. यावर घरच्या मोठ्या झाडाला फार काही करता येत नाही, पुढच्या वर्षाची वाट बघायची.

तिसरं कारण लोक सगळ्यात आधी सांगतात, की जोडीदार नाही. ते खरं आहे पण तुमच्याबाबतीत मला लागू वाटत नाही. सांगते का. साध्या सफरचंदात गुणसूत्रं ३४ असतात, ब्रॅम्ली त्रिगुणित आहे, म्हणजे गुणसूत्रांचे दोनाऐवजी तीन संच, त्यात ५१. त्यामुळे झाड दणकट होतं, पानं जाड, फळं मोठी, पण पराग जवळजवळ निकामी. म्हणजे त्याला फळ धरायला दुसऱ्या जातीचा पराग लागतो आणि ते स्वतः मात्र कुणाला पराग देऊ शकत नाही, म्हणून नवीन लावताना आम्ही दोन जोडीदार सांगतो, एक ब्रॅम्लीला पराग देणारा आणि दुसरा त्या पहिल्याला देणारा. पण तुमच्याकडे मागच्या वर्षी पोती भरली, मग पराग आला कुठून? शेजारपाजारच्या अंगणातलं एखादं सफरचंद, नाहीतर रस्त्याकडेचं क्रॅब ॲपल (बारक्या फळांचं रानटी सफरचंद), मधमाशीला कुंपण नसतं. दर वर्षीच फळ कमी असतं तर मी जोडीदाराचा संशय घेतला असता. फक्त एक लक्षात ठेवा, शेजाऱ्यांनी यंदा आपलं झाड तोडलं असेल तर हिशोब बदलतो, तेवढं आजोबांना विचारून घ्या.

आणि चौथं, जे फार कमी लोक बघतात. ब्रॅम्ली काही फळं जुन्या, आखूड काटक्यांवर धरतं आणि बरीचशी फांद्यांच्या टोकांवर. आधीच्या मालकानं दर हिवाळ्यात कुंपणाची मेंदी कापावी तसं सगळीकडून टोकं कापत गोल केलं असेल तर त्यानं दर वर्षी फळंच कापून टाकली. तुमच्याकडे हे झालेलं नसावं, तरी झाडाकडे लांबून बघा, टोकांशी झाडूसारखे झुपके दिसतात का.

आता छाटणीवाल्याच्या सल्ल्याकडे येते. निम्मं झाड एका हिवाळ्यात काढलं तर काय होतं हे मी स्वतः केलंय म्हणून सांगू शकते. कामाच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी एका घरी मालकांना उजेड हवा होता, मी त्यांच्या म्हणण्याला विरोध केला नाही आणि मोठं ब्रॅम्ली एका दमात जवळजवळ निम्मं उतरवलं. मुळं मात्र पूर्ण झाडाचीच होती ना, ती सगळी ताकद वर आली, पुढच्या उन्हाळ्यात प्रत्येक जखमेभोवती सरळ काठीसारखे वर जाणारे पाणफुटवे, माणसाच्या उंचीचे, एका फांदीवर तीस-चाळीस. उजेड राहिला बाजूला, आधीपेक्षा जास्त अंधार झाला, आणि पुढची तीन वर्षं त्या घरी फळ दिसलं नाही. त्या घरी मी नंतर सहा वर्षं जाऊन ते झाड परत जाग्यावर आणलं, पैसे न घेता, पण ती सहा वर्षं फुकट गेली ती गेलीच. ब्रॅम्ली मुळात इतकं जोरकस आहे की छाटून त्याला ताकद आणायची गरजच नाही, उलट त्याची ताकद फळाकडे वळवायची असते.

म्हणून माझी पद्धत अशी. पानं गळल्यापासून फेब्रुवारीपर्यंत छाटायचं, एका हिवाळ्यात झाडाच्या विस्ताराच्या पाचव्या भागापेक्षा जास्त काढायचं नाही, कमी काढलं तर आणखी उत्तम. आधी मेलेलं लाकूड, मग कॅन्करनं पोखरलेलं (हा सालीचा बुरशीरोग, साल खोल गेलेली, गोल गोल कडा उठलेल्या, त्यावरून ओळखा), मग एकमेकींवर घासणाऱ्या फांद्या. एवढं झालं की शिडीवरनं खाली उतरून लांब जाऊन बघायचं, चहा घ्यायचा, पुष्कळदा तेवढ्यावरच त्या वर्षीचं काम संपलेलं असतं. राहिलंच तर मधल्या गर्दीतली एक-दोन फांदी मुळापासून काढायची. मुळापासून म्हणजे जिथून ती निघते तिथून, अर्धवट आखूड करायची नाही, कारण आखूड केली की टोकावरची फळंही गेली आणि फुटवेही आले. जाड फांदी आधी खालून थोडी कापून मग वरून कापायची, नाहीतर पडताना खोडाची साल ओढून नेते. जखमेला रंग, डांबर काही लावू नका, झाड आपलं आपण भरून काढतं. आणि जे पाणफुटवे येतील ते जुलै-ऑगस्टमध्ये काढायचे, उन्हाळ्यात काढलेले परत तेवढ्या जोरानं येत नाहीत. उंची कमीच करायची असेल तर ती तीन-चार वर्षांत होईल, दर वर्षी वरची एक फांदी खालच्या बाजूच्या फांदीपर्यंत उतरवत.

काहीही कापायच्या आधी कौन्सिलला विचारा झाडावर संरक्षणाचा आदेश आहे का किंवा तुमची गल्ली संवर्धन क्षेत्रात येते का. तोडायला तर तशा ठिकाणी परवानगी किंवा आधी नोटीस लागतेच, छाटणीला फळझाडाच्या बाबतीत सूट असते पण विचारलेलं बरं. आणि मार्चनंतर पक्ष्यांची घरटी बघितल्याशिवाय हात लावायचा नाही, चालू घरटं मोडणं कायद्यानं गुन्हा आहे.

छाटणीपेक्षा तुम्हाला जास्त उपयोगी पडेल ती विरळणी, आणि ती पुढच्या वर्षीच करायची आहे कारण पुढचं वर्ष भरघोस असणार. फुलं आल्यावर आठवड्याभरात, हाताला पोचतील त्या फांद्यांवरचे निम्म्याहून जास्त फुलांचे गुच्छ चिमटीनं खुडून टाका, गुच्छाखालची पानं राहू द्या. लोकांचा हात धजत नाही हे मला माहितीये, एवढी सुंदर गुलाबी फुलं, पण वर्षाआडचं चक्र मोडायचं तर जेवढं लवकर तेवढं बरं, कारण बिया तयार व्हायच्या आत संख्या कमी झाली पाहिजे. मग जूनअखेर झाड आपणहून बारकी फळं गाळतं, घाबरायचं कारण नाही. ते झालं की उरलेल्यात एका गुच्छात एकच फळ ठेवा, आणि दोन फळांत वीतभर अंतर. एवढ्या मोठ्या झाडावर सगळीकडे शक्य नाही, शिडी लावून जीव धोक्यात घालू नका, खालच्या निम्म्या फांद्यांवर केलंत तरी त्या फांद्या त्याच्या पुढच्या वर्षी फळ देतील आणि वरच्या विश्रांती घेतील, म्हणजे घरात दर वर्षी थोडं थोडं येत राहील. मला तर जुन्या झाडावर हीच रचना आवडते.

तोवर खत घालू नका. नत्र दिलं की नुसता पाला आणि फुटवे. यंदाच्या वीस-पंचवीस फळांकडे नीट बघा, फळं कमी असली की आकारानं अवाढव्य होतात आणि सालीवर बुडालेले तपकिरी ठिपके येतात, सोललं तर गरातही कडू तपकिरी डाग. हा रोग पसरणारा नाही, फळ मोठं झालं आणि त्याला कॅल्शियम पुरलं नाही म्हणून होतं. ती फळं साठवू नका, डाग काढून आधी वापरा.

आता मुलांच्या गोड सफरचंदाचं. त्याच जागी नवीन सफरचंद लावू नका हे मी इतकं ठासून सांगतेय कारण जुनं सफरचंद काढलेल्या मातीत नवीन सफरचंद सहसा नीट धरत नाही, मुळांना त्रास देणारे जीव त्या मातीत साठलेले असतात, रोप वर्षानुवर्षं खुजं राहतं. माती खोलवर बदलावी लागते. तुमच्याकडे दुसरा कोपरा असेल तर तिथे एम-२६ खुंटावरचं (हा खुंट झाड लहान ठेवतो) डिस्कव्हरी किंवा जेम्स ग्रीव्ह या गोड जातीचं झाड लावा, दोन्ही ब्रॅम्लीबरोबर फुलतात, म्हणजे शेजाऱ्यांच्या झाडावर अवलंबून राहायला नको. डिस्कव्हरी ऑगस्टमध्येच तयार होतं, लाल, गोड, झाडावरून तोडून खायचं. खुंटाचा आकडा विचारल्याशिवाय रोप घेऊ नका, झाड किती मोठं होणार ते मुख्यतः खुंट ठरवतो.

दुसरा कोपरा नसेल तर ब्रॅम्लीच्याच एका फांदीवर गोड जातीचं कलम करता येतं, आणि मला विचाराल तर मी हेच करीन. कलमकाड्या जानेवारीत घ्यायच्या, गेल्या वर्षीच्या पेन्सिलएवढ्या जाड, ओल्या कागदात गुंडाळून फ्रिजमध्ये फळांपासून लांब ठेवायच्या. एप्रिलअखेर ब्रॅम्लीची साल सुटायला लागली की एक बाहेरच्या बाजूची, उन्हातली, मनगटाएवढी फांदी कापायची, कापलेल्या तोंडाशी साल उभी चिरून तिच्याखाली तासलेली काडी सरकवायची, दोन-तीन काड्या एका तोंडावर, पट्टीनं घट्ट बांधून वरून मेण. साल बरोबर सुटली असेल तर काडी आत जाताना ओलसर, गुळगुळीत लागते, जोर लावावा लागत नाही, जोर लावावा लागतोय म्हणजे आठवडाभर थांबा. तीन वर्षांत फळ दिसायला लागतं. यात एकच काळजी, ब्रॅम्ली जोरकस असल्यामुळे आजूबाजूचे त्याचे फुटवे नव्या कलमाला दाबून टाकतात, म्हणून पहिली चार-पाच वर्षं त्या फांदीभोवतीचं ब्रॅम्ली उन्हाळ्यात काढत राहायचं. कुणी हे सांगत नाही आणि मग लोक म्हणतात कलम मेलं.

आणि जी आंबट फळं येतील त्यांचं काय करायचं ते तुम्ही विचारलं नाहीये पण मागच्या वर्षी सडली हे वाचून राहवत नाही. ऑक्टोबरच्या मध्याला काढा, फळाखाली तळवा धरून उचलायचं आणि किंचित फिरवायचं, तयार असेल तर देठासकट हातात येतं. पडलेली आणि डाग असलेली बाजूला, निर्दोष फळं एकेक वर्तमानपत्रात गुंडाळून शेडमध्ये थंड, अंधाऱ्या आणि न गोठणाऱ्या जागी एका थरात ठेवा, फेब्रुवारी-मार्चपर्यंत राहतात. साल तेलकट लागायला लागेल, ते या जातीचं असतंच, खराब झालं असं समजून फेकू नका. आणि ठेवल्यावर आंबटपणा हळूहळू उतरतो, फेब्रुवारीतलं ब्रॅम्ली ऑक्टोबरच्या मानानं बरंच सौम्य असतं. मी दर वर्षी याचा मेथांबा करते, मोहरी-मेथीची फोडणी, तिखट, गूळ आणि पाणी आधी उकळून घ्यायचं आणि फोडी शेवटी टाकायच्या, कैरीसारख्या आधी टाकल्यात तर फेस होईल. तीन-चार मिनिटांत गॅस बंद, फ्रिजमध्ये ठेवून आठवड्यात संपवायचा. मुलांना गोडच हवं असेल तर शिजवलेल्या गरात साखर आणि दालचिनी घालून डबे करून फ्रीजरमध्ये टाका, वर्षभर पुरतं.

शेवटी ज्यावर माझं सगळं मत अवलंबून आहे ते. येत्या दोन-तीन आठवड्यांत बुंध्याशी वाका आणि बघा, मधाच्या रंगाच्या अळंब्यांचा झुपका उगवलाय का. उगवला असेल तर बुंध्याजवळची सैल साल थोडी उचला, आत पांढरा पापुद्रा आणि अळंब्यासारखा तीव्र वास आला तर ती हनी फंगस, मग झाड किती वर्षं राहील ते सांगणं कठीण आणि तशा वेळी मी आधी त्याच्या काड्या घेऊन एम-२६ खुंटावर, या जागेपासून लांब, नवीन ब्रॅम्ली करून ठेवीन. नुसता बुंधा पोकळ असेल तर तेवढ्यानं काही बिघडत नाही, जुनी झाडं पोकळ होतात आणि पन्नास वर्षं फळ देतात, फक्त फांद्या कुणाच्या डोक्यावर किंवा शेजाऱ्यांच्या छपरावर येत नाहीत ना ते शिकलेल्या झाड-तपासनिसाकडून बघून घ्या. जातीबद्दल अजून शंका असेल तर २१ ऑक्टोबरच्या आसपास बऱ्याच ठिकाणी ॲपल डे असतो, तिथे ओळखणारी माणसं बसतात, तीन-चार चांगली फळं देठासकट, सोबत एक-दोन पानं घेऊन जा. फळं धुऊ नका आणि पुसून चकचकीत करू नका, सालीवरचा नैसर्गिक थर बघूनच बरंच काही ओळखतात. आणि या वर्षी फुलं आली होती का, ते तेवढं आठवून सांगा.